गाडीचं ऑइल होडीत चालेल का? इंजिन ऑइल निवडण्याची रीत

किनाऱ्यावरच्या अनेक घरांत चार प्रकारची इंजिनं असतात. दारात गाडी आणि मोटरसायकल, बंदरात आउटबोर्ड (मागे बाहेरून लावायची मोटर) असलेली होडी किंवा आत डिझेल इंजिन बसवलेली मोठी बोट, आणि पडवीत गवत कापायचं मशीन. सगळ्यांना पुरेल असा एकच मोठा कॅन आणला तर स्वस्त पडेल, हा हिशेब मोहात पाडतो. पण या चार इंजिनांना लागणारी ऑइलं वेगळी असतात आणि त्यांतल्या काही अदलाबदली इंजिनाच्या जिवावर बेततात. कुठली अदलाबदल चालते, कुठली नाही आणि का, हे कळलं की दुकानदाराच्या सल्ल्यावर अवलंबून राहावं लागत नाही.

इंजिन दिवसभर काय करतं

गाडीचं इंजिन सतत चाल बदलतं. सिग्नलला थांबतं, घाटात जोर लावतं, महामार्गावर निवांत पळतं. थर्मोस्टॅटमुळे कूलंट साधारण ८५ ते ९५ अंशांवर टिकतं आणि ऑइलही चांगलं तापतं. त्यामुळे रिंगांच्या बाजूने चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, उतरलेलं थोडंफार पेट्रोल आणि पाण्याची वाफ लांबच्या फेरीत उडून जाते.

होडीचं इंजिन तासन्‌तास एकाच जोरावर चालतं. पेट्रोल आउटबोर्ड पूर्ण थ्रॉटलवर मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांनी पळतो, आणि पाण्याला उतार नसल्याने त्याला दम खायला मिळत नाही. शिवाय त्याला थंड करतं ते थेट समुद्राचं पाणी. खारं पाणी जास्त तापलं की क्षार धरतात, म्हणून त्याचा थर्मोस्टॅट बराच खाली, साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतो. परिणामी जोर प्रचंड, पण इंजिन तुलनेने थंड. जाळं टाकताना किंवा गळ ओढताना ते मंद चालवलं की ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडत नाही, साचत जातं. मग परत आल्यावर ते खाऱ्या हवेत दिवसेंदिवस उभं राहतं आणि कॅमशाफ्टवर गंज धरायला सुरुवात होते. होडीच्या ऑइलला गाडीच्या ऑइलपेक्षा गंजरोधक जास्त लागतात ते यामुळे.

कॅनवर आधी काय वाचायचं

क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण ब्रँडपासून सुरुवात करतात, तो सगळ्यात शेवटी यायला हवा.

आधी इंजिनाची पुस्तिका उघडा आणि चार गोष्टी वहीत उतरवा: इंजिन टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, दर्जाची खूण, जाडीचा आकडा, आणि फिल्टरसकट लागणारं ऑइल किती लिटर. पुस्तिका हरवली असेल तर ऑइल भरायच्या झाकणावर किंवा बॉनेटखालच्या स्टिकरवर जाडी छापलेली सापडते. बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिका इंटरनेटवर फुकट मिळतात. मात्र मॉडेलच्या नावावर न जाता इंजिनाचा कोड जुळवा, कारण त्याच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगळं इंजिन बसवलेलं असतं.

दर्जाची खूण जाडीइतकीच महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणी वाचत नाही. अमेरिकन एपीआय पद्धतीत पेट्रोल इंजिनासाठी ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं असतात: एसएन २०१० साली आली, एसपी २०२० साली. नवी खूण पेट्रोल गाडीत जुन्याच्या जागी चालते. डिझेलची अक्षरं ‘सी’ने सुरू होतात: सीएच-४, सीआय-४, सीके-४. युरोपीय एसीईए पद्धतीत ए३/बी४, सी२, सी३ अशा खुणा दिसतात. होड्यांसाठी अमेरिकेतल्या एनएमएमए या संघटनेच्या दोन खुणा आहेत: टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी टीसी-डब्ल्यू३ आणि फोर-स्ट्रोकसाठी एफसी-डब्ल्यू. कॅनवर होडीचं नुसतं चित्र असून भागत नाही, ही अक्षरं दिसली पाहिजेत.

५डब्ल्यू-३० म्हणजे काय

‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. ५डब्ल्यू ऑइलची चाचणी उणे ३० अंशांना होते, १५डब्ल्यूची उणे २० ला. महाबळेश्वरच्या जानेवारीतही या आकड्यामुळे इंजिन अडत नाही. टोरांटो किंवा शिकागोला गाडी अंगणात उभी करणाऱ्याला मात्र तो आधी बघावा लागतो.

आपल्याकडे खरा प्रश्न दुसऱ्या आकड्याचा. तो १०० अंशांना ऑइल किती जाड राहतं ते सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. याहून बोलका आकडा म्हणजे १५० अंशांना, बेअरिंगमधल्या वेगवान घसटीत उरणारी जाडी. २० च्या ऑइलला ती किमान २.६ सेंटिपॉइज लागते, ३० ला २.९, १५डब्ल्यू-४० ला ३.७. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पडदा उभा राहतो तो याच आकड्यावर.

‘आपल्याकडे उकाडा आहे, जाड टाका’ हा गॅरेजमधला सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. मारुतीच्या अलीकडच्या १.२ लिटर ड्युअलजेट पेट्रोल इंजिनाला कंपनी ०डब्ल्यू-१६ सुचवते. तिथे २०डब्ल्यू-५० ओतलं तर सकाळी सुरू करताना ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ घेतं, व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या बारीक वाटांत अडतं, आणि ॲव्हरेज उतरतो. उलट चूकही तितकीच वाईट: २०डब्ल्यू-४० वर वाढलेल्या जुन्या इंजिनात ‘महाग म्हणजे भारी’ समजून ०डब्ल्यू-१६ ओतलं की प्रेशरचा दिवा मिणमिणायला लागतो. पुस्तिकेत दोन-तीन जाड्या दिलेल्या असतील तर उन्हाळा, भरलेली गाडी आणि लांबचा घाट यांसाठी त्यांतली जाड निवडा. यादीबाहेर जाऊ नका.

गाडीसाठी

साध्या पेट्रोल गाडीला पुस्तिकेतली जाडी आणि एसएन किंवा एसपी एवढं पुरतं. टर्बो पेट्रोल, त्यातही थेट इंजेक्शनचं इंजिन असेल तर एसपीच घ्या. अशा इंजिनात कमी फेऱ्यांवर जोर लावला की ठिणगीच्या आधीच स्फोट होऊन पिस्टन फुटण्याचा धोका असतो. ऑइलमधलं कॅल्शियम त्याला खतपाणी घालतं, आणि एसपीच्या चाचण्यांत हा धोका तपासला जातो.

बीएस६ डिझेलमध्ये काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर असेल तर एसीईएची सी२ किंवा सी३, पुस्तिकेत जे लिहिलं असेल ते. ऑइल जळून जी राख उरते ती डीपीएफमध्ये कायमची बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. म्हणून या ऑइलमध्ये राखेचं प्रमाण ०.८ टक्क्यांपर्यंत बांधलेलं असतं. ट्रकसाठी घेतलेलं सीआय-४ अशा गाडीत टाकून वाचवलेले पैसे डीपीएफच्या बिलात कितीतरी पटींनी जातात.

टायमिंग बेल्ट ऑइलमध्येच भिजत फिरतो अशी काही इंजिनं आहेत. फोर्डचं १.० लिटर इकोबूस्ट हे आपल्या रस्त्यांवरचं ओळखीचं उदाहरण. इथे कंपनीने सांगितलेला मंजुरी क्रमांक कॅनवर अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे. चुकीच्या ऑइलने बेल्टचं रबर सुटतं, त्याचे तुकडे पंपाच्या जाळीत अडकतात आणि प्रेशर जाऊन इंजिन बसतं.

मोटरसायकलला गाडीचं ऑइल नको. तिचा क्लच त्याच ऑइलमध्ये असतो आणि इंधन वाचवणाऱ्या पातळ ऑइलमधल्या घसरण वाढवणाऱ्या रसायनांनी तो निसटतो. तिथे जासो या जपानी पद्धतीची एमए किंवा एमए२ ही खूण पाहा.

टू-स्ट्रोक आउटबोर्ड: सगळ्यात जास्त चुका इथे

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर आत जातं आणि जळून बाहेर पडतं. म्हणून ते कसं जळतं हे महत्त्वाचं. टीसी-डब्ल्यू३ ऑइलमध्ये राख सोडणारी धातूची रसायनं नसतात. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डमध्ये ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या डोक्यावर चिकटते, तापून लाल होते आणि वेळेआधी ठिणगीचं काम करते. पूर्ण थ्रॉटलवर हे झालं की पिस्टनला भोक पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून जुन्या स्कूटरसाठी किंवा गवत कापायच्या मशीनसाठी आणलेलं जासो एफसी वा एफडी ऑइल आउटबोर्डला वापरू नका. उलटही तेच: हवेने थंड होणारं गवताचं मशीन खूप तापतं, तिथे टीसी-डब्ल्यू३ ची साफ करण्याची ताकद कमी पडते आणि रिंग खाचेत चिकटून बसतात. आणि फोर-स्ट्रोकचं साधं इंजिन ऑइल पेट्रोलमध्ये मिसळणं दोन्हीकडे चूक.

मिश्रणाचा हिशेब: ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली, २० लिटरच्या टाकीला ४०० मिली. २५:१ म्हणजे लिटरला ४० मिली, २० लिटरला ८००. नवं किंवा नुकतंच बांधलेलं इंजिन सुरुवातीच्या तासांत बहुधा २५:१ वर चालवतात, नंतर ५०:१. नेमके तास पुस्तिकेत असतात. बाटलीच्या बुचाने अंदाजे ओतण्याऐवजी खुणा असलेलं माप ठेवा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन धरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त पडलं तरी नुकसान आहेच: प्लग ओले होतात, एक्झॉस्ट कार्बनने भरतो, आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल तेवढं कमी जातं.

मिसळताना स्वच्छ कॅनमध्ये निम्मं पेट्रोल घ्या, मोजलेलं सगळं ऑइल ओता, झाकण लावून नीट हलवा, मग उरलेलं पेट्रोल भरून पुन्हा हलवा. टाकीत आधी ऑइल ओतून वर पेट्रोल सोडलं तर ऑइल तळाशी बसतं आणि इंजिन सुरुवातीला घट्ट मिश्रण खेचतं. ज्या आउटबोर्डला ऑइलची वेगळी टाकी आणि इंजेक्शन आहे, तिथे पेट्रोलमध्ये वेगळं मिसळायची गरज नसते. रनिंग-इनच्या काळात पुस्तिका सांगत असेल तरच दोन्ही करायचं.

सध्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तर आउटबोर्डच्या बहुतेक पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर होतो, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. इंधनाची नळी तळातून खेचते, म्हणजे इंजिनाला विनातेलाचं पाणचट इंधन मिळतं. उपाय: आठवड्यात संपेल तेवढंच मिश्रण करा, टाकी भरलेली आणि बंद ठेवा, आणि टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळं करणारा १० मायक्रॉनचा फिल्टर बसवा. केरोसीनवर चालणारा आउटबोर्ड असेल तर सुरू आणि बंद दोन्ही पेट्रोलवर करा. केरोसीनचं प्रमाण पुस्तिकेत वेगळं दिलेलं असतं, पेट्रोलचं प्रमाण तिथे लावू नका.

फोर-स्ट्रोक आउटबोर्ड

इथे एफसी-डब्ल्यू खुणेचं १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४०, पुस्तिकेप्रमाणे. या खुणेसाठी ऑइलला गंज, फेस, फिल्टर तुंबणं आणि सततच्या ताणाने जाडी घटणं, या साऱ्या चाचण्या पार कराव्या लागतात. गाडीच्या ऑइलला यातली गंजाची परीक्षा होडीच्या हिशेबाने द्यावी लागत नाही. ऑइल आणि फिल्टर पहिल्यांदा साधारण २० तासांनी, नंतर दर १०० तासांनी किंवा वर्षाने बदला, यांतलं जे आधी येईल ते. वर्षात ३० तासच चालला तरी वर्षाला बदल हवाच, कारण उभ्या इंजिनात आम्ल आणि पाणी आपलं काम करत असतात.

डिपस्टिक पाहताना मोटर सरळ उभी असली पाहिजे. तिरकी असताना मोजमाप खोटं येतं. ऑइल न ओतताही पातळी वर चढत असेल आणि पट्टीला पेट्रोलचा वास येत असेल, तर इंजिन सतत थंड आणि मंद चालतंय. ऑइल बदला, थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय का ते पाहा, आणि प्रत्येक फेरीत निदान १५ मिनिटं चांगल्या वेगाने चालवा.

बोटीतलं डिझेल

कोकणातल्या ट्रॉलर आणि गिलनेट बोटींवर बरीच इंजिनं मुळात ट्रकची, होडीसाठी फेरफार केलेली असतात. त्यांना १५डब्ल्यू-४०, सीआय-४ किंवा सीके-४ हे सर्वसाधारण उत्तर. जुन्या, संथ इंजिनांच्या पुस्तिकेत साधं एसएई ४० असतं, आणि तिथे तेच ठेवायला हरकत नाही. पेट्रोल गाडीचं एसएन ऑइल इथे काजळी पेलू शकत नाही, ती गुठळ्या होऊन फिल्टर तुंबवते.

बदलाचा हिशेब तासांवर ठेवा. २५० तास ही नेहमीची मर्यादा. सरासरी ताशी ४० किलोमीटर धरले तर गाडीच्या भाषेत ते १०,००० किलोमीटर होतात. रोज १२ तास चालणारी बोट तीन आठवड्यांत तिथे पोचते, तीही गाडीपेक्षा कितीतरी जास्त जोरावर. ‘महिन्यातून एकदा बघू’ म्हणणाऱ्याचं ऑइल नेहमी उशिराच बदललेलं असतं. तासांचं मीटर नसेल तर बसवून घ्या.

महाराष्ट्रात मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै अशी असते आणि बोटी शाकारल्या, म्हणजे पावसापुरत्या झाकून ठेवल्या जातात. ऑइल बोट शाकारण्याआधी, मे अखेरीस बदलायचं. जुनं ऑइल आत ठेवून दोन महिने पावसात बोट उभी केली की त्यातलं आम्ल आणि ओल बेअरिंग खातात. ऑगस्टमध्ये नवं ऑइल घातलं तरी झालेली झीज भरून निघत नाही. मेमध्ये नवं भरल्यावर इंजिन १० मिनिटं चालवा, म्हणजे सगळ्या भागांवर ताजं तेल चढतं.

गिअरबॉक्स वेगळा विषय, पण इथेच सांगितलेला बरा. बोटीच्या आतल्या गिअरबॉक्समध्ये क्लचच्या चकत्या असतात. त्यात पाटीवर लिहिलेलं असेल तेच जातं: साधं ३० किंवा ४० नंबर इंजिन ऑइल, नाहीतर एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल). गाडीच्या डिफरन्शियलचं ९० नंबर तिथे घातलं की क्लच घसरतो. आउटबोर्डच्या खालच्या पायात मात्र ९० नंबरचंच मरीन गिअर ऑइल लागतं. ते खालच्या बोल्टमधून वर दाबत भरा, वरच्या भोकातून बुडबुड्यांविना यायला लागलं की आधी वरचा बोल्ट बसवा, मग खालचा. दोन्हींचे वॉशर नवे. काढलेलं ऑइल दुधाळ दिसलं तर सील गेलंय, आणि प्रोपेलर काढून शाफ्टवर नायलॉनची तंगूस गुंडाळली आहे का ते आधी बघा. बऱ्याचदा सील तीच कापते.

बदलताना

इंजिन १० मिनिटं चालवून गरम करा, ऑइल पातळ होऊन घाण बरोबर घेऊन येतं. बोटीत चेंबरखाली हात जायला जागा नसते, तिथे डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने खेचून घ्या. गाडीत ड्रेन बोल्ट काढा आणि वॉशर नवा घाला. जुना फिल्टर उतरवल्यावर त्याचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं नाही ना ते हात फिरवून पाहा. एकावर एक दोन रबरं बसली तर पहिल्याच फेरीत सगळं ऑइल बाहेर येतं. नव्या फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, टेकेपर्यंत हाताने फिरवा, मग पाऊण फेरी. पान्याने आवळू नका.

ठरलेल्या मापापेक्षा थोडं कमी भरा, इंजिन मिनिटभर चालवा, पाच मिनिटं थांबा, पट्टी पाहा आणि उरलेलं घाला. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. वरच्या खुणेपलीकडे गेलं तर क्रँक ऑइल घुसळून फेस करते, आणि फेसाने प्रेशर टिकत नाही. काढलेलं ऑइल जुन्या कॅनमध्ये भरून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांच्या खरेदीदाराला द्या. खाडीत ओतलेलं ऑइल भरतीबरोबर आपल्याच शिंपल्यांच्या खडकावर येतं.

जुनं ऑइल वाचणं

डिझेलचं ऑइल थोड्याच दिवसांत काळं होतं. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे, त्यामुळे रंगावरून बदल ठरवू नका. शंका असेल तर एक थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवा. काळेपणा हलका होत सारखा पसरला तर ऑइलमध्ये जीव आहे. मधोमध काळा गोळा आणि भोवती नितळ कडं दिसलं तर काजळी पेलण्याची ताकद संपली. पाण्याच्या शंकेसाठी तापलेल्या तव्यावर एक थेंब टाका, पण तोंड लांब ठेवा. तडतडला तर पाणी आहे. समुद्राचं पाणी शिरलं असेल तर वाट पाहू नका: गळती शोधा, ऑइल-फिल्टर बदला, काही मिनिटं चालवा, आणि दुधाळपणा जाईपर्यंत पुन्हा बदला. स्वस्तातलं ऑइल या धुण्यासाठी चालतं.

बंदर दूर आणि ऑइल कमी

पातळी खालच्या खुणेखाली गेली असेल आणि नेमकं ऑइल जवळ नसेल, तर कोरडं चालवण्यापेक्षा जवळची जाडी बरी. फोर-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये गाडीचं १०डब्ल्यू-३० वा १०डब्ल्यू-४० अर्धा लिटर घालून किनाऱ्याला या आणि मग सगळंच बदला. डिझेल बोटीत ट्रकचं कोणतंही १५डब्ल्यू-४० चालेल. डीपीएफच्या गाडीतही एवढ्याने बिघडत नाही, पुढच्या बदलाला योग्य ऑइल भरा म्हणजे झालं. टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ नसेल तर जासो एफसी पूर्ण प्रमाणात मिसळा आणि निम्म्या थ्रॉटलवर परत या. पेट्रोलमध्ये ऑइल अजिबात नसेल तर मोटर सुरूच करू नका, वल्ही मारा किंवा दुसऱ्या होडीला दोर टाका. बोटीवर टीसी-डब्ल्यू३ ची एक सीलबंद लिटरची बाटली कायम ठेवा. ५०:१ ने ती ५० लिटर पेट्रोलला पुरते.